घराण्याची खूण

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप संपादक भगिनींकडून आला, तेव्हा त्यांच्या मनात शिवकाल किंवा पेशवाई असणार हे उघड होते. बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत मी तेच शिकवले. परंतु इतिहास काही केवळ गडकिल्ल्यांचा आणि तहांचा नसतो. माजघरात जे कुजबुजत बोलले जाते, त्यालाही इतिहास असतो. तो कुणी लिहून ठेवत नाही, एवढेच. आणि न लिहिल्यामुळे पुष्कळ घरांतल्या पुष्कळ मुलींनी विनाकारण सोसलेले असते. आज त्यातलेच एक प्रकरण आपल्यापुढे मांडते. विषय मासिक पाळीचा आहे. ज्या भगिनींना वाचताना संकोच वाटेल त्यांनी तो थोडा वेळ बाजूला ठेवावा, ही विनंती. मी डॉक्टर नव्हे. इतिहासाच्या शिक्षिकेने जेवढे तपासून पाहावे तेवढे पाहूनच हे लिहीत आहे.

फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या समुद्रात ऑलंड नावाचा द्वीपसमूह आहे. राज्य फिनलंडचे, भाषा स्वीडिश, वस्ती मासेमारी करणाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची. त्यांतील फॉग्लो नावाच्या बेटावरची एक पाच वर्षांची मुलगी १९२४ साली हेलसिंकी शहरी डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे तपासणीस आली. तिसऱ्या वर्षी ओठाला जखम झाली, तर तीन दिवस रक्त थांबले नव्हते; मुलगी जवळजवळ बेशुद्धीत गेली होती. तिच्या चार बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावलेल्या. आईचा घोळणा वारंवार फुटे, आणि पाळीत तिच्या अंगावरून फार जाई. बापाच्या घराण्यातही तोच प्रकार.

त्या काळी रक्त न थांबण्याचा आनुवंशिक रोग म्हटला की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे एकच नाव येई, ते म्हणजे हिमोफिलिया. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या वंशात तो शिरला होता. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडल्याचे निमित्त होऊन गेला, आणि रशियाचा शेवटचा युवराज अलेक्सी त्याच रोगाने पीडलेला होता. यावरून शिकवण अशी रूढ झाली होती की, हा रोग भोगायचा मुलग्यांनी; स्त्रियांनी तो फक्त पुढच्या पिढीकडे पोहोचवायचा. (हिमोफिलियाचा दोष वाहणाऱ्या स्त्रियांनाही जास्त रक्तस्राव होऊ शकतो, हे आज माहीत झाले आहे.) मग जिथे मुलीच पटापट जात आहेत, अशा या घराण्याचे काय म्हणायचे?

विलेब्रांड यांनी इथे जे केले ते इतिहासकाराचे काम होते. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ मांडली. सहासष्ट माणसांची माहिती जमवली; त्यांतील तेवीस जणांना रक्तस्रावाचा त्रास निघाला, आणि त्या तेवीसांत सोळा स्त्रिया होत्या. कानाच्या पाळीला बारीक टोचून रक्त किती वेळाने थांबते हे पाहण्याची एक जुनी तपासणी आहे. तीत या मंडळींचे रक्त फार उशिरा थांबे, पण रक्तातील प्लेटलेट नावाच्या कणांची संख्या मात्र ठीक असे. म्हणजे हा हिमोफिलिया नव्हे आणि तेव्हा ठाऊक असलेल्या दुसऱ्या कोणत्या रोगातही बसत नाही, असे ठरवून त्यांनी १९२६ साली स्वीडिश भाषेत निबंध प्रसिद्ध केला. या रोगाला आज ‘फॉन विलेब्रांड रोग’ असेच म्हणतात. ती मुलगी मात्र वाचली नाही. तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्त थांबेना म्हणून ती गेली.

भगिनींनो, हे वाक्य मी पुष्कळदा वाचले आहे आणि दर वेळी तिथेच थांबले आहे. लहानपणीची ओठाची जखम तिने निभावली. जी गोष्ट आपण सर्वजणी दर महिन्याला पार पाडतो, तीच तिला भोवली.

आता दुसरा धागा. विलेब्रांड हेलसिंकीत वंशावळ लिहीत होते, त्याच सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी गावी जॉन सॅम्पसन नावाचे शस्त्रवैद्य स्त्रियांच्या पोटातील एका विचित्र विकाराचा अभ्यास करीत होते. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, जे दर महिन्याला पाळीवाटे बाहेर पडते, तशाच जातीचे अस्तर काही स्त्रियांच्या पोटात भलत्याच ठिकाणी, म्हणजे बीजकोशावर, आतड्यांवर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूस उगवलेले दिसे. पाळीच्या वेळी तेही रक्ताळते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते आतच साचते, आजूबाजूचे भाग चिकटतात, आणि असह्य वेदना होतात. बीजकोशात साचलेले जुने रक्त घट्ट आणि काळपट तपकिरी होते, म्हणून अशा गाठींना चॉकलेटच्या गाठी असे नाव पडले; त्यांवर सॅम्पसन यांचा निबंध १९२१ सालचा आहे. विकाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. १९२७ साली सॅम्पसन यांनी आपला तर्क सविस्तर मांडला, तो असा की, पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे फिरून पोटात उतरते, आणि त्याबरोबर गेलेले अस्तराचे कण तिथे रुजतात.

सन १९२६ आणि सन १९२७. एकाने सांगितले की काही घराण्यांतल्या बायकांचे रक्त लवकर थांबत नाही. दुसऱ्याने सांगितले की पाळीचे रक्त पोटात उलटे उतरते आणि दुखणे मागे ठेवते. दोन्ही निबंध एका वर्षाच्या अंतराने आले. ज्या बाईचे रक्त थांबत नाही, तिच्या पोटात ते किती उतरत असेल, आणि आतल्या आत उगवलेले ते अस्तर रक्ताळू लागले की तिथले रक्त तरी कसे थांबणार? हा प्रश्न साध्या गृहिणीलाही सुचावा असा आहे. परंतु एक विषय रक्ताच्या तज्ज्ञांकडे राहिला, दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, आणि दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या ठिकाणी शोधून पाहायला पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात काहीच झाले नाही असे मात्र नाही, आणि जे झाले त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे मंडळाच्या स्मरणिकेत नोंदवले पाहिजे. स्वीडनच्या इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा ब्लोमबेक या दोन डॉक्टर स्त्रियांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५७ साली ऑलंडला जाऊन त्याच घराण्यातील हयात माणसांची पुन्हा तपासणी केली. रक्तापासून तयार केलेला एक विशिष्ट अर्क दिला की या रोग्यांचे रक्त थांबते, आणि तो अर्क हिमोफिलियाच्या रोग्याच्या रक्तापासून केलेला असला तरीही थांबते, असे त्यांना आढळले. यावरून या रोगात उणीव आहे ती वेगळ्याच कशाची तरी, हे सिद्ध झाले. तो पदार्थ आज ओळखीचा आहे. जखमेच्या तोंडाशी प्लेटलेट चिकटवून धरणारा तो जणू डिंकच होय. त्याचा जनुक १९८५ साली सापडला.

जपानमध्ये डॉक्टर उताको ओकामोतो यांनी पतीसह संशोधन करून १९६२ साली ट्रानेक्झामिक आम्ल हे रक्त थांबवणारे औषध जगापुढे ठेवले. प्रयोगशाळेत काम करताना त्या लहान मुलीला पाठीशी बांधून घेत. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत, हीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या औषधाची तशी मोठी चाचणी एकवीस देशांतील वीस हजारांवर बाळंतिणींवर झाली, आणि औषध वेळेवर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. उताकोबाई तो पाहायला राहिल्या नव्हत्या. आदल्याच वर्षी, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या. हेच औषध आज पाळीत जास्त जाणाऱ्या मुलींनाही डॉक्टर देतात, आणि ते आपल्याकडे मिळते.

एंडोमेट्रिओसिसच्या बाबतीत गाडी बराच काळ भलत्याच वाटेला लागली होती. हा तिशीनंतरचा रोग, अशी समजूत होती. बॉस्टनचे नामांकित डॉक्टर मेग्ज यांनी तर १९४० च्या दशकात असा निष्कर्ष काढला की, मुली उशिरा लग्न करतात आणि मुले उशिरा होऊ देतात म्हणून हे दुखणे होते. तेव्हा लग्ने लवकर व्हावीत. आपल्याकडे ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांनी मेग्ज यांचे नावही ऐकले नव्हते, पण सल्ला तोच! बॉस्टनमध्येच १९८० साली, पोटाचे दुखणे वर्षानुवर्षे सोसणाऱ्या कुमारिकांची दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलींत हा विकार निघाला. त्यानंतर ‘मुलींना हे होत नाही’ असे म्हणायला जागा उरली नाही.

रक्ताच्या बाजूनेही असेच झाले. कॅनडात टोरोंटोच्या बालरुग्णालयात पाळीच्या अतिस्रावामुळे दाखल झालेल्या एकोणसाठ मुलींचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाचांत एकीला रक्त गोठण्याचा दोष होता; पहिल्याच पाळीला दाखल व्हावे लागलेल्या मुलींत तर निम्म्यांना. लंडनमध्ये १९९८ साली, पाळीत जास्त जाते म्हणून आलेल्या दीडशे बायकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत शंभरी सतरा जणींना जन्मजात रक्तदोष होता, आणि त्यांतील बहुतेकींना विलेब्रांड यांचाच रोग. इतकी वर्षे त्या बायकांना हे कुणी सांगितले नव्हते.

आणि मग दोन्ही धागे एकत्र आले. अमेरिकेत फॉन विलेब्रांड रोग असलेल्या एकशे दोन स्त्रियांना त्यांच्या आजवरच्या दुखण्यांविषयी विचारले गेले. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी शंभरी तीस जणींनी आपल्याला एंडोमेट्रिओसिस असल्याचे सांगितले; तुलनेसाठी घेतलेल्या इतर स्त्रियांत हे प्रमाण शंभरी तेरा होते. यावरून रक्तदोषामुळेच एंडोमेट्रिओसिस होतो असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. पाळीचे थोडे रक्त बहुतेक सर्वच स्त्रियांच्या पोटात उतरते, हे १९८४ साली दिसून आले आहे, आणि तरीही सर्वांना हा विकार होत नाही. काही तज्ज्ञांचे म्हणणे असे की, रक्तदोषामुळे रोग निर्माण होत नसेल, पण असलेला रोग जास्त रक्ताळतो, जास्त दुखतो आणि म्हणून लक्षात येतो. मात्र जन्मतःच ज्यांचा मार्ग बंद असतो आणि पाळीचे रक्त पोटात तुंबते, अशा मुलींत एंडोमेट्रिओसिस लवकर आढळतो, हेही खरे आहे. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आपल्या कामाचे एवढेच, की या दोन गोष्टी एकाच मुलीत असू शकतात, आणि एक दिसली की दुसरीची चौकशी करावी.

कारण चौकशी न करण्याची किंमत फार आहे. पोट दुखते म्हणून मुलीला ऍस्पिरिनची किंवा आयबुप्रोफेनची गोळी दिली, आणि तिला रक्तदोष असला, तर त्या गोळ्यांनी प्लेटलेटचे काम मंदावते आणि रक्त आणखी जाते. दुखणे दाबायला जावे तर स्राव वाढावा! त्याहून मोठा धोका शस्त्रक्रियेचा. एंडोमेट्रिओसिसचा नक्की शोध पुष्कळदा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने घेतात. रक्तदोष आधी ठाऊक असला तर औषधे देऊन, तयारीनिशी ती करता येते. ठाऊक नसला तर?

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझ्या भाचीला तेराव्या वर्षापासून आठ-आठ, नऊ-नऊ दिवस जायचे. अंगात रक्त नाही म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. सोळाव्या वर्षी दुखणे इतके वाढले की परीक्षेचे दोन पेपर बुडाले. एका डॉक्टरांनी ‘मुलगी नाजूक मनाची आहे’ असे सांगितले. पुढे दुसरीकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे ठरले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या आईला सहज विचारले, “आजी, घरात आणखी कुणाला असं होतं का?” आई म्हणाली, “अहो, आमच्यात सगळ्यांचंच असं असतं. माझ्या आईचं होतं, बहिणीचं होतं. बहिणीची तर पिशवीच काढली पस्तिसाव्या वर्षी. आणि दात काढला तेव्हा माझी उशी रात्रभर भिजत होती.” डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. तपासण्या झाल्या. फॉन विलेब्रांड रोग निघाला. तयारी करून पुढे शस्त्रक्रिया झाली, एंडोमेट्रिओसिसही निघाला. मुलीचे दुखणे पूर्ण गेले आहे असे नाही, पण ते काय आहे हे तिला ठाऊक आहे, आणि ती शिकते आहे. माझी मावशी मात्र जन्मभर ‘अशक्त’ या एकाच शब्दावर जगली आणि गेली.

आईचे ते वाक्य आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. ‘आमच्यात सगळ्यांचंच असं असतं.’ हे वाक्य आपण विषय मिटवण्यासाठी वापरतो. मुलगी कळवळते, आई म्हणते मलाही व्हायचे, आजी म्हणते मीही सोसले. मग तक्रार कसली करायची? पण नीट पाहिले तर रोगाचा सारा पुरावा याच वाक्यात आहे. ऑलंड बेटावरच्या त्या घराण्यातही ‘सगळ्यांचंच असं’ होते. विलेब्रांड यांनी तिथून चौकशीला प्रारंभ केला, एवढाच फरक. सगळ्यांचे असते म्हणून ते निरोगी ठरत नाही. सगळ्यांचे असते म्हणूनच ते आनुवंशिक असण्याचा संभव.

आपल्या प्रांतात याला आणखी एक पदर आहे. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचा अभ्यास मांडला. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची महाराष्ट्रातील चाल त्यात आली आहे. या रोगाचा सौम्य प्रकार आई किंवा बाप कुणाही एकाकडून येऊ शकतो. अत्यंत तीव्र प्रकार मात्र दोघांकडून दोष आला तरच होतो, आणि जिथे नात्यात लग्ने होतात तिथे दोन्हीकडून तोच दोष येण्याचा संभव वाढतो. कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. अशा घरांनी अधिक जागरूक राहावे, एवढेच म्हणणे.

तेव्हा, भगिनींनो, वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. आपण लग्नाच्या याद्या जपून ठेवतो, लोणच्याचे प्रमाण वहीत लिहून ठेवतो. त्याच वहीत एक पान घराण्यातील बायकांसाठी राखावे. आजी, आई, मावश्या, आत्या, बहिणी आणि लेकी यांची नावे लिहावीत, आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी नोंदवाव्यात. पाळी सात दिवसांहून जास्त चाले का, तासा-दोन तासांत घडी बदलावी लागे का, रुपयाएवढ्या गाठी पडत का? घोळणा फुटला तर दहा मिनिटांत थांबे का, दात काढल्यावर, बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत रक्त फार गेले का? मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत का? आणि पाळीत शाळा, कामधंदा बुडावा इतके पोट दुखे का? ज्या वहीत अशा खुणा एकीहून अधिक नावांपुढे दिसतील, त्या घरातील मुलीला डॉक्टरांकडे नेताना ती वहीच बरोबर न्यावी, आणि फॉन विलेब्रांड रोगाची तपासणी करावी का, असे स्पष्ट विचारावे. या रोगाची पातळी ताणाने, गरोदरपणाने, गोळ्यांनी वरखाली होते. म्हणून एकदा तपासणी ठीक आली तरी डॉक्टर ती पुन्हा करायला सांगू शकतात, तेव्हा कंटाळू नये. तपासणी लांब नाही; मुंबईत परळला के. ई. एम. इस्पितळाच्या आवारातील संशोधन संस्थेत, जिचा आरंभ १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासाने झाला, अशा रक्तदोषांचे निदान होते.

बेटावरच्या त्या मुलीची वंशावळ एका परक्या डॉक्टरने लिहिली, आणि ती लिहिली म्हणून जगभरातल्या हजारो मुली वाचल्या. आपल्या घरची वंशावळ लिहायला परका माणूस कशाला हवा? ती आपल्या आजींच्या तोंडात आहे. त्या आहेत तोवर विचारून घ्यावी. ज्या भगिनींना वही कशी मांडावी हे समजून घ्यायचे असेल, त्यांनी मंडळाच्या दर गुरुवारच्या बैठकीनंतर मला भेटावे. मी थांबेन.